दोन मैल लांबीचे चित्र

आमच्या प्रकाशकांच्या कचेरीत अलीकडे एक नवे खाते उघडले असून, त्याचा सारा कारभार ज्या तरुणाकडे सोपविण्यात आला आहे तो माझ्या धाकट्या चिरंजीवाहूनही वयाने लहान, बोलण्यात कमालीचा विनयशील आणि हुकूम सोडण्यात मात्र पूर्वीच्या मामलेदारांनी ज्याच्या हाताखाली उमेदवारी करावी इतका निष्णात आहे. माझे नवे पुस्तक छापखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याने दूरध्वनीवरून जी पहिली पृच्छा केली, ती पुस्तकाच्या विषयासंबंधी नव्हती, भाषेसंबंधी नव्हती, फार काय, मुद्रितशोधनात राहून गेलेल्या चुकांसंबंधीही नव्हती. "सर, तुमचे फॉलोअर्स किती?" एवढेच त्याला हवे होते. मी आकडा सांगितला. त्यावर पलीकडे जी शांतता पसरली ती शोकसभेत पाळतात तिच्याहून थोडीच आखूड असावी. "हरकत नाही सर, वाढवू आपण," असे तो अखेरीस म्हणाला. हा धीर देण्याचा स्वर मी तोपर्यंत फक्त दवाखान्यांतून ऐकलेला होता.

करारनाम्याचा मसुदा आला तेव्हा मानधनाच्या कलमानंतर आणि वादाचा निकाल कोणत्या न्यायालयात लागावा या कलमापूर्वी एक नवे कलम घुसविलेले आढळले : पुस्तकाच्या प्रसारार्थ लेखक समाजमाध्यमांवर सक्रिय राहील. किती काळ राहील, याची मुदत घातलेली नव्हती. मानधनाची मुदत मात्र स्पष्ट होती.

या फर्मानाने मी खिन्न झालो असेन, असा कुणाचा ग्रह होत असल्यास तो वेळीच दूर केला पाहिजे. प्रसिद्धीची मला यत्किंचितही हाव नाही, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात इतक्या व्यासपीठांवरून ऐकविले आहे की, त्या वाक्याच्या प्रसिद्धीसाठी केलेले श्रम एखाद्या पुस्तकासाठी केले असते तर त्याची आवृत्ती खपली असती. घरात निजानीज झाल्यावर मी स्नानगृहातील आरशापुढे उभा राहिलो आणि आपल्या चेहऱ्याची कोणती बाजू वाङ्मयीन दिसते याची खातरजमा करून घेतली. डावी बाजू चिंतनशील आणि उजवी दाढदुखीची वाटते असा निष्कर्ष निघाला; सबब जगाला मी आजतागायत डावीकडूनच सामोरा जात आहे.

लाईक या संस्थेचे मर्मही मला याच सुमारास उमगले. आपल्याकडे लग्नकार्यात आहेराची वही ठेवण्याचा शिरस्ता आहे. कुणी किती घातले हे तीत टिपलेले असते, आणि पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले म्हणजे ती वही काढून, पाकिटात तेवढीच रक्कम घालून परतफेड केली जाते. लाईकचा सारा व्यवहार या वहीबरहुकूम चालतो. साताऱ्याच्या एखाद्या कवीने श्रावणावर चार ओळी टाकल्या की मी तेथे अंगठा उमटवावा, त्याने माझ्या सत्काराच्या छायाचित्राखाली तांबडा बदाम ठेवावा, आणि दोघांनीही एकमेकांचे काही वाचू नये, असा हा अलिखित तह आहे. फेसबुकाने २००९ साली लाईकची सोय केली आणि तिला अंगठ्याचे चिन्ह दिले, तेव्हा त्या मंडळींना आमच्या महसूल दप्तराची माहिती असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याला अक्षरओळख नाही त्याने खरेदीखतावर डाव्या हाताचा अंगठा उठवावा ही येथील जुनी वहिवाट, आणि सगळा जन्म अक्षरांत घालविलेल्या माझ्यासारख्याला पदवीधरांकडून आता जे मिळतात तेही अंगठेच. मी ते मोजतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसाखाली पाहणाऱ्यांची जी यादी येते ती तर मी मुळापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि अमुक एका समीक्षकांनी माझे मुखपृष्ठ मध्यरात्रीच्या सुमारास पाहून त्यावर चकार शब्द काढला नाही, ही नोंद माझ्या मनाच्या दप्तरी कायमची दाखल होऊन बसते.

परंतु नुसत्या छायाचित्रांनी भागेना. "सर, रील करावंच लागेल," असे त्या तरुणाने निक्षून सांगितले, आणि मला विषयाची पार्श्वभूमी कळावी म्हणून, टिकटॉकवर जून २०२० मध्ये आपल्या सरकारने बंदी घातली व पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रीले भारतात अवतरली, हा इतिहासही ऐकविला. पेशवाई बुडून कंपनी सरकारचा अंमल बसला तेव्हाही खांदेपालट इतक्या तातडीने झाली नसेल. रीलचा मुख्य नियम असा की, पहिल्या तीन सेकंदांत 'हुक' बसला पाहिजे. न बसल्यास पाहणारा आपल्याला बोटाने वर सरकवून पुढल्या इसमाकडे जातो. येथे माझी अडचण शीलाची नसून शैलीची होती. ज्या गुरुजनांकडून मी मराठी गद्याची दीक्षा घेतली त्यांनी, क्रियापद हे वाक्याच्या अगदी अखेरीस, सर्व विशेषणांची, पोटवाक्यांची, अपवादांची आणि अपवादांतल्या अपवादांची यथास्थित वासलात लागल्यावर, सगळे मानकरी स्थानापन्न झाल्यानंतरच महाराजांची स्वारी दरबारात यावी त्याप्रमाणे आणावे, असा दंडक घालून दिलेला आहे. माझे क्रियापद येऊन पोहोचेपर्यंत तीन सेकंद तर सोडाच, पण एखाद्या नवशिक्या वाचकाचा धीरही संपलेला असतो.

चित्रीकरण आमच्या गॅलरीत झाले. पुस्तक साखरेच्या डब्याला टेकून उभे केले होते. डब्यावरचे 'साखर' हे अक्षर दिसू नये म्हणून तो उलटा फिरविला तर मागे 'रवा' असे निघाले. सकाळचे ऊन माझ्या डाव्या, म्हणजे चिंतनशील, बाजूवर न पडता भलतीकडेच पडत होते, म्हणून ते परतवून चेहऱ्यावर पाडण्यासाठी घरातल्या मंडळींना एक पांढरी चादर ताणून समोर उभे राहावयास सांगण्यात आले. चादर नुकतीच धुतलेली असल्यामुळे ओली होती. तरुण व्हिडिओ कॉलवर पुण्याहून दिग्दर्शन करीत होता.

"सर, मान थोडी वर. आणि जरा एनर्जी आणा."

"म्हणजे नेमके काय करू?"

"म्हणजे सर, आत्ता तुम्ही जसे बसलाय ना, तसं नको."

मी वाक्य आरंभिले. खाली भंगारवाल्याने आरोळी ठोकली. मी पुन्हा आरंभिले आणि तिसऱ्या पोटवाक्यापर्यंत बऱ्यापैकी आलो असता चादरीमागून आवाज आला, "अहो, माझे हात भरून आलेत. काय तुमचं ते क्रियापद आणायचंय ते आणा लवकर."

तेव्हा थोडी विश्रांती म्हणून, आणि आपणही या विषयात अगदीच अडाणी नाही हे दाखविण्याच्या इच्छेने, मी त्या तरुणाला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. ती येथे पुन्हा सांगण्याचे काही कारण नाही. पण मी नाशिककर आहे, फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकाच्या बाजूला फिरावयास जाणाऱ्या माणसाला हा विषय वर्ज्य करणे कठीण जाते. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मुंबईनंतर सुरतेस काय झाले, हे मात्र पाठ करण्यासारखे असूनही कुणी करून घेत नाही. सुरतेच्या प्रेक्षकांना दोन आण्यांत सहा तास चालणारी नाटके पाहावयाची सवय. त्यांना दीड तासात आटोपणाऱ्या चित्राचे तीन आणे मोजणे म्हणजे शुद्ध नागवणूक वाटली, आणि पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला असे सांगतात. फाळक्यांनी काय करावे? त्यांनी कथेची थोरवी सांगितली नाही, सत्याचा महिमा सांगितला नाही, हरिश्चंद्राने डोंबाघरी पाणी भरले याचा उच्चारही केला नाही. त्यांनी जाहीर केले की, या खेळात सत्तावन्न हजार छायाचित्रे आहेत, चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत. वाराने मोजून कापड घेणाऱ्या त्या व्यापारी नगरीला ही भाषा तत्काळ कळली, आणि गल्ला तिनशेच्या घरात गेला म्हणतात.

आता मी थोडासा हिशोबी माणूस असल्यामुळे, एका दुपारी वामकुक्षी बाजूला ठेवून, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चित्रपटाच्या पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे मावतात. सत्तावन्न हजारांना सोळांनी भागले असता साडेतीन हजार फुटांहून थोडी अधिक लांबी येते. आणि 'राजा हरिश्चंद्रा'ची नमूद लांबी ३,७०० फूट आहे, म्हणजे छायाचित्रांचा आकडा बहुतांशी प्रामाणिकच होता. परंतु मैल हा ५,२८० फुटांचा असतो! दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट, आणि फाळक्यांचे चित्र तर पाऊण मैलही भरत नाही. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाचे हे चरित्र, सव्वा मैल पदरचा घालून विकले गेले. जाहिरातींवर नजर ठेवणारी आपली मानक परिषद १९८५ साली निघाली आणि समाजमाध्यमांवरील प्रभावशाली मंडळींनी जाहिरातीला जाहिरात म्हणावे असा नियम तिने २०२१ साली केला; ती १९१३ साली असती तर तिच्या निरीक्षकाला टेप घेऊन तापीच्या काठाने फीत मोजीत जावे लागले असते. मला या लबाडीचा रागही येत नाही. आकडा खरा द्यावा आणि लांबी खोटी सांगावी, यात जो डौल आहे तो आचार्य अत्र्यांच्या 'गेल्या दहा हजार वर्षांत' या सुप्रसिद्ध मोजमापाचा सख्खा पूर्वज होय. शिवाय हाच मनुष्य भांडवल मिळविण्यासाठी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याच्या वाढीची चित्रे दिवसेंदिवस थोडीथोडी टिपून, अंकुर फुटून वेल होईपर्यंतची हकिकत क्षणभरात पडद्यावर दाखवून गेलेला होता. त्या काळचे हे रीलच, आणि त्यात हुक कुठे होता म्हणाल, तर वाटाण्यातच.

फाळक्यांपाठोपाठ त्या तरुणाला किर्लोस्करवाडीचे उदाहरणही मी थोडक्यात सांगितले. कारखान्याच्या मालाची आणि मंडळींची खबरबात गिऱ्हाइकांना कळावी म्हणून १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघाली, आणि नांगर विकता विकता तिचे असे मासिक झाले की मराठी लेखकांच्या दोन पिढ्या त्यात वाढल्या. तेव्हा जाहिरातीच्या पोटी साहित्य जन्माला येत होते. मी येथे एक अर्थपूर्ण विराम घेतला.

तरुणाने सगळे मन लावून ऐकले. "भारी आहे सर," तो म्हणाला. "ह्याचं रील करू या?"

पहिल्या रीलांचा निकाल असा लागला की, माझ्या 'सर' या पदवीची पदावनती होऊन मी 'काका' झालो. रीच पडत नव्हता. ट्रेंडिंग ऑडिओ म्हणून माझ्या बोलण्याखाली कुठलेसे ढोलाचे संगीत घातले, तेव्हा मी बोलतो आहे की विसर्जन करतो आहे हे कळेना. पोस्ट बूस्ट करण्याची दरखास्त प्रकाशकांनी फेटाळली. आणि मग एके दिवशी नियतीने आपले काम केले. मी एका रीलमध्ये, मराठी वाचक आळशी आहे, तो पुस्तक विकत घेत नाही, घेतले तर वाचत नाही आणि वाचले तर समजून घेत नाही, असे जे सर्रास म्हटले जाते ते मला साफ अमान्य आहे, असे एक वाक्य उच्चारले होते. वाक्य सर्वस्वी निर्दोष होते. फक्त वेळेच्या बंधनामुळे ते संकलनात 'समजून घेत नाही' येथे संपले, आणि महाराजांची स्वारी दरवाज्यातच अडवली गेली.

त्यानंतर जे झाले त्याला हुक म्हणतात. रात्रीतून माझ्यावर महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून प्रतिक्रिया कोसळल्या. मी कोण, मला कुणी लेखक केले, माझ्या पुस्तकाला किलोच्या भावाने काय येईल, याची चौकशी शेकडो अनोळखी माणसांनी केली. काहींनी माझी बाजूही घेतली, परंतु दुर्दैवाने ती मी न घेतलेली बाजू होती : वाचक खरोखरच आळशी आहे, काका अगदी खरे बोलले, असे त्यांचे म्हणणे. सकाळी सहा वाजता त्या तरुणाचा दूरध्वनी आला. "सर! व्ह्यूज बघितले का, सर?" एका वाक्यात दोनदा सर. मी पूर्ण वाक्य देऊन खुलाशाचे रील काढले. ते बहुधा माझ्या बहिणीने आणि भूखंड विकणाऱ्या एका गृहस्थांनी पाहिले. आणि या सगळ्या गदारोळात मला नेमके काय वाटत होते, हे सांगितले तर आजवर कमावलेल्या गांभीर्यावर बोळा फिरेल. तरी सांगतो, की शिव्यांचा आकडा हजाराच्या पुढे सरकताना मी तो दर दहा मिनिटांनी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून थोडे.

या यशाने उत्साहित होऊन त्याने पुढची योजना मांडली. जोडप्यांची रीले चालतात. काकूंना समोर आणावे, मी पुस्तकाविषयी काही बोलावे, त्यांनी मला सुनवावे, मी गप्प बसावे, लोक हसावेत. संवाद तो लिहून पाठवील. मी नाही म्हणालो नाही, हे नमूद करतो. फोन मी सरळ पत्नीच्या हाती दिला. तिने सगळे ऐकले आणि शांतपणे म्हणाली, "बाळा, आमच्या घरातली भांडणं आम्हांला पुरतात. ती कुणाला वाटण्याइतकी शिल्लक राहत नाहीत." आणि चादर वाळत घालावयास निघून गेली.

मला जी चीड येते ती येथे येते. जाहिरातीची मला शिसारी नाही. सव्वा मैल वाढवून सांगण्याची माझीही तयारी आहे. परंतु वाढवून सांगण्यासाठी मुळात पाऊण मैल तरी हातात असावा लागतो, आणि तो तयार होत असताना माणसाला कुणी पाहू नये अशीही एक वेळ असावी लागते. हल्ली ती वेळच उरलेली नाही. लिहिण्यापूर्वी लिहीत असल्याचे कळवावयाचे, लिहिताना लिहिणारा हात दाखवावयाचा, लिहून झाल्यावर खोके उघडताना आश्चर्यचकित व्हावयाचे. पुस्तक बाहेर आल्यापासून मी मथळ्यांखेरीज आणि हॅशटॅगांखेरीज एक ओळ लिहिलेली नाही. आणि एवढे करून जो चौकटीत येतो तो पुन्हा मीच. फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. छिद्रे नसलेली कोरी फीत घरी येई, तिला छिद्रे पाडण्याचे, रसायने कालविण्याचे काम त्या करीत, आणि चित्रपटाच्या सबंध ताफ्याचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. उन्हात पात्रांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून त्या पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत, असेही त्यांच्याविषयी सांगतात. सुरतेच्या जाहिरातीत छायाचित्रे मोजली होती, फूट मोजले होते, आणे मोजले होते. ह्या हातांची मोजदाद करावी असे कुणाला सुचले नाही. स्वतः फाळकेही १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले, तेव्हा दोन मैलांची जाहिरात करणाऱ्या या माणसाला त्याचाच धंदा बहुतांशी विसरलेला होता. आमच्या येथे चादर धरणाऱ्या व्यक्तीने माझ्या आजवरच्या सर्व पुस्तकांच्या मुद्रणप्रती सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या आहेत. तिला ढोलाच्या तालावर माझ्यावर खेकसताना दाखविण्याची कल्पना मला क्षणभर बरी वाटली होती, याचे कारण व्ह्यूज.

तरुणाचा दूरध्वनी रात्री पुन्हा आला. काकू बरोबर बोलल्या, असे तो म्हणाला. मग थोडा घुटमळला. एकाच वेळी बऱ्याच लेखकांची खाती त्याला सांभाळावी लागतात, आमच्या सर्वांच्या नावाने वाचकांचे आभार मध्यरात्रीपर्यंत तोच मानीत असतो, हे मला त्याच्याकडूनच बोलता बोलता कळले. "सर, सातवं प्रकरण मी दोनदा वाचलं," तो म्हणाला. "पण त्यातलं रीलला काहीच निघत नाही." इतक्या दिवसांत या पुस्तकाविषयी मला मिळालेला हा एकमेव अभिप्राय, आणि तो कुठेही टाकता येण्यासारखा नाही.

या लेखात पुस्तकाचे नाव द्यावे अशी माझी फार इच्छा होती. परंतु मजकुरात नाव आले की त्याची जाहिरात होते आणि जाहिरातीचा दर पानामागे निराळा आकारला जातो, असे संपादकांनी कळविल्यामुळे ते वगळले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी माझ्याकडे थेट चौकशी करावी. पुस्तक सवलतीत मिळेल. टपालखर्च वेगळा पडेल.